दोरीखालून गेलेली रिबकाबाई

खण्ण!

— वाटी पडली. पितळेची वाटी, पेजेची. उंबऱ्याच्या दगडावर आपटली, गरगर फिरली, आणि थांबली. दुपार अशी निपचित होती, की तो आवाज भिंतीपलीकडच्या कोंडाबाईलाही ऐकू गेला.

मंडळी, ऐका. ज्यांच्या घरात लेकरं आहेत त्यांना मी काय सांगू? वाटी दिवसातून दहादा पडते. त्याचं काही नाही. पण वाटी पडल्यावर मागोमाग हसू ऐकू यायला हवं — नाहीतर भोकाड तरी! हसूही नाही, रडूही नाही, तर आई हातातलं काम टाकून उठते. बरोबर ना?

रिबकाबाई उठली. भाकरीचं पीठ मळत होती, तशाच हातानं तिनं मनूच्या कपाळाला हात लावला. पाच वर्षांची पोर भिंतीला टेकून बसलेली. डोळे तांबडे, मान कलती. रिबकाबाईनं हात काढला, तर पोरीच्या कपाळावर पिठाची पाच बोटं उमटलेली — आणि हाताला चटका!

आता इथंच थांबू. आजच्या आख्यानाचा प्रश्न इथंच, या उंबऱ्यावर उभा आहे. सरकारचा हुकूम आणि लेकराचा ताप, दोघं एकाच वेळी एकाच दारात आले, तर आधी कुणाला आत घ्यायचं? शास्त्र सांगतं, अधिकाऱ्याचं ऐका, कारण तो अधिकार देवानंच दिलेला. बरोबर! आणि तेच शास्त्र मोशेच्या आईला शाबासकी देतं, कारण तिनं राजाचा हुकूम मोडून तान्हं बाळ लपवलं. हेही बरोबर! मग बाईनं करायचं काय? सकाळी हे पान वाचायचं आणि संध्याकाळी ते?

घाई नको. आधी रिबकाबाईची ओळख करून घ्या.

गाव बोरजाई, जिल्हा नगर. काळ विलायतेच्या राणीचा. बोरजाईत आपल्या ख्रिस्ती लोकांची सोळा घरं, आणि सोळा घरांचं मिळून एक कौलारू देऊळ. त्या देवळात एक रीत होती. रविवारच्या उपासनेत प्रत्येक घराला एकेक प्रार्थना वाटून दिलेली. एका घराकडे पाऊसपाणी. एका घराकडे आजारी माणसं. एका घराकडे शाळा. रिबकाबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी तिच्या हाती चुलीबरोबर घराची प्रार्थनाही दिली. कुठली? — सरकारची!

हसता काय? अहो, पावसाची प्रार्थना सोपी. पाऊस आला की देवाचे आभार, नाही आला की देवाला साकडं. पण सरकार? कधी आलं तरी पंचाईत!

रिबकाबाईनं मात्र ती प्रार्थना अशी सांभाळली, जशी नवी नवरी सासरची कपबशी सांभाळते. डोळे मिटायची आणि वरून सुरुवात करायची — राणीसरकार. मग मुंबईचे लाटसाहेब. मग कलेक्टर हॉप साहेब. मग मामलेदार, फौजदार, तलाठी, गावचा पाटील. थांबेल म्हणता? छे! मग कोतवाल, आणि शेवटी कोतवालाच्या आईचा गुडघा! "प्रभू, तो दुखरा आहे, चढण चढवत नाही तिला, तू जाणतोस." गुडघ्यापर्यंत प्रार्थना पोचायची, तोवर सोळा घरांतल्या सोळा चुली विझायच्या. पाळक आनंदादादा एकदा हळूच म्हणाले, "रिबके, गुडघा पुढच्या रविवारी घेतला तर?"

"दादा, गुडघ्याला काय रविवार कळतो होय?"

पाळकदादांनी पुन्हा डोळे मिटले.

यांतले हॉप साहेब तिच्या विशेष मर्जीतले. का? तर सहा वर्षांपूर्वी ते घोड्यावरून बोरजाईतून गेले होते. विहिरीवर थांबले. हिनं घागरीतून ओंजळीत पाणी घातलं. ते प्यायले, आणि टोपी काढून, मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "आबारी आहे, बाई." संपलं! एवढ्यावर सहा वर्षांची प्रार्थना! "प्रभू, हॉप साहेबांना बुद्धी दे, त्यांची तब्येत सांभाळ, आणि त्यांच्या आईची पत्रं त्यांना वेळेवर पोचू दे." आईची पत्रं कुठून काढली? स्वतःच्या मनातून! इतक्या लांब लेक आलाय म्हटल्यावर आई लिहीत असणारच की.

आता मनूकडे येऊ. त्या साली जिल्ह्यात गाठीचा ताप आला — प्लेग. उंदीर पडले, मग माणसं पडली. एकेका घरातून दोन-दोन तिरड्या. म्हणून सरकारचा हुकूम निघाला. ज्या घरी ताप, त्या घरानं त्याच दिवशी कळवायचं. आजाऱ्याला गाडीत घालून माळावरच्या छावणीत न्यायचं. छावणीभोवती दोरी, दोरीला तांबड्या चिंध्या. आजाऱ्यानं दोरीच्या आत, बाकी सगळ्यांनी बाहेर. बाप असो, आई असो, कुणीही असो! लपवेल त्याला कैद. आणि आत घुसेल त्यालाही कैद.

मंडळी, न्यायानं बोलू. हुकूम दुष्ट नव्हता हो. एका घरचा ताप दुसऱ्या घरी जाऊ नये, यात काय वाईट? आनंदादादांनी आदल्याच रविवारी देवळात सांगितलं, "हा हुकूम आपल्या भल्यासाठी आहे. पाळा." आणि त्यावर सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" कोण म्हणालं? बरोबर ओळखलंत.

रविवारचं आमेन, सोमवारी वाटी पडली.

घरधनी जवळ नाही. सीमोन घाटात रस्त्याच्या कामावर, आणि प्लेगमुळं वाटा बंद. घरात ती आणि पोर. तिनं मनूचा झगा सैल केला, काखेत बोटं घातली. लागलीच हाताला — सुपारीएवढी गाठ!

तेवढ्यात दारात कोंडाबाई. ही शेजारीण आपल्यातली नव्हे, पण देवळाच्या खिडकीखाली निवडणटिपण करत बसायची, त्यामुळं निम्मं शास्त्र तिला पाठ!

"वाटी पडली अन् पोर रडली न्हाई," कोंडाबाई दारातूनच म्हणाली. "ताप हाय नं?"

रिबकाबाईनं मान हलवली.

"गाडी खालच्या आळीला आलीय. उठ! ती धान्याची कणगी रिकामी हाय नं तुझी? बसव तिच्यात. वरून गोधडी टाक. मी सांगते, पोर मामाकडं गेली."

"खोटं बोलू, कोंडाआत्या?"

"अगं, तुझ्याच देवाच्या पुस्तकात हाय! त्या बाईनं लेकराला टोपलीत न्हाई का ठेवलं? तिची टोपली, तुझी कणगी! देव काय टोपलीचं माप बघतो?"

मंडळी, मी तुमच्यापासून लपवणार नाही. रिबकाबाईनं पोरीला उचललं आणि कणगीत ठेवलं! हो! सरकारसाठी दर रविवारी गुडघे टेकणारी बाई — लेकराच्या अंगाचा चटका लागल्यावर आमेन कुठं गेलं, पत्ता नाही! तुम्ही तिच्या जागी असता तर? मी असते तर? जाऊ द्या.

कणगीतून मनूचा आवाज आला. "आई, इथं काळोख आहे. किती वेळ बसू?"

"थोडा वेळ, बाळा."

"तू पण ये ना आत."

या तीन शब्दांवर पुढचं सगळं आख्यान उभं आहे. तू पण ये! लेकरानं काय मागितलं? मला वाचव, असं नाही म्हणाली. मला लपव, असंही नाही. तू पण ये.

आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे कोंडाबाईचा नातू खदखदून हसला. वर्षाचं पोरगं, नुकतं पाऊल टाकायला शिकलेलं. ते हसू रिबकाबाईच्या कानात शिरलं आणि तिथंच बसलं. तिनं कणगीकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. मध्ये फक्त वीतभर माती! आपण लपवलं, तर हा ताप उद्या भिंत ओलांडणार. सरकारचा हुकूम एकदम तिच्या डोळ्यांपुढं माणसाचं रूप घेऊन उभा राहिला — त्याला कोंडाबाईच्या नातवाचं तोंड होतं!

तिनं गोधडी काढली. पोरीला बाहेर घेतलं.

"अगं, काय करतीस?" कोंडाबाई.

"आत्या, तुम्ही मागं सरा. तुमच्या नातवाला आठ दिवस या दारात आणू नका. मी कळवणार."

"पोर नेतील गं! एकटी मरंल दोरीच्या आत!"

"एकटी नाही," रिबकाबाई म्हणाली. "मी बरोबर जाणार."

तोवर आनंदादादा आले. त्यांनी सगळं ऐकलं, खाली बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हातारा माणूस, स्वतःची दोन लेकरं मोठ्या दुष्काळात पुरलेली. म्हणाले, "रिबके, कळवतेस हे चांगलं. पण आत जायचा हुकूम नाही, पोरी."

"मग दादा, हुकूम तिथं चुकलाय."

"सरकारसाठी सहा वर्षं प्रार्थना करणारी तू, हे बोलतेस?"

"प्रार्थना केली म्हणूनच बोलते! ज्याच्यासाठी कधी गुडघा टेकला नाही, त्याला चुकलास म्हणायला मला तोंड नसतं. पण यांच्यासाठी मी भाकरी करपवल्यात, दादा! सरकार देवाचा चाकर, असं तुम्हीच शिकवलंत. चाकर भल्याचं सांगतो तोवर हो म्हणायचं. आजारी पोर गावाबाहेर ठेव म्हणतो — हो. खरं सांग म्हणतो — हो. पण आईला लेकरापासून तोड, हे त्याला धन्यानं कधी सांगितलं? हे त्यानं स्वतःच्या पदरचं घातलंय!"

पाळकदादांनी पागोटं पुन्हा डोक्याला गुंडाळलं, आणि गुंडाळता गुंडाळता त्याच्या शेवटानं डोळे पुसले. म्हणाले, "कैद होईल."

"होऊ दे. हुकूम मोडायचा तर शिक्षाही हुकमाप्रमाणंच घ्यायची. लपून नाही मोडणार. साहेबाच्या देखत मोडीन."

पाहिलंत? मोशेची आईही खोटी नाही आणि अधीनतेची शिकवणही खोटी नाही. अर्धा हुकूम डोक्यावर घेतला, अर्धा खाली ठेवला, आणि दोन्ही हात उघडे!

म्हणा माझ्याबरोबर —

सिंहासनी कोण बसे, आम्हां नाही त्याचे भय ।
उशापाशी बसे जो का, त्याचा म्हणू जयजय ॥

गाडी आली. पुढं दोन शिपाई, मग जमादार, आणि मागं घोड्यावर साहेब. तरुण होता, तिशीतला. उन्हानं नाक सोललेलं, तोंडाला रुमाल. सकाळपासून चाळीस दारं झाली होती, आणि चाळीस दारांत एकच उत्तर — "घरी कुणी आजारी नाही." आजी पिंपात, नवरा गवतात, सून शेतात!

जमादारानं पढवलेल्या पोपटासारखं विचारलं, "घरात कोणी आजारी?"

"आहे," रिबकाबाई म्हणाली.

जमादाराचं तोंड उघडंच राहिलं! "आहे" याच्यापुढं काय विचारायचं, हे त्याला माहीतच नव्हतं. चाळीस दारांत ती वेळच आली नव्हती ना!

रिबकाबाईनं मात्र साहेबाकडं निरखून पाहिलं. मग जमादाराला विचारलं, "हे हॉप साहेबच ना? की उन्हानं असे दिसतात?"

"कोण हॉप?" जमादार खेकसला. "ते चार वर्षांपूर्वीच गेले विलायतेला. पेन्शनीत. हे त्यांच्या जागी आलेले लेन साहेब."

मंडळी! चार वर्षं! तिकडं हॉप साहेब आपल्या परसात कोबी लावत बसलेले, आणि इकडं बोरजाईत दर रविवारी — "प्रभू, त्यांना जिल्हा चालवायची बुद्धी दे!" देवालाही प्रश्न पडला असेल, की या कोबीला एवढी बुद्धी कशाला?

आपण हसतो. रिबकाबाई हसली नाही. तिनं पिठाचा हात तोंडावर ठेवला. "अगं बाई गं! म्हणजे चार वर्षं या साहेबासाठी कुणीच प्रार्थना केली नाही?"

साहेबानं विचारलं, बाई काय म्हणते? जमादार चुळबुळला. सांगावं तर पंचाईत, न सांगावं तर पंचाईत. शेवटी सांगितलं.

साहेबानं तोंडावरचा रुमाल खाली केला. "काय प्रार्थना करते ती?"

"बुद्धीची, तब्येतीची," रिबकाबाई म्हणाली, "आणि आईची पत्रं वेळेवर यावीत म्हणून."

जमादारानं तेही सांगितलं. साहेबानं घोड्याच्या आयाळीतून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. मग खाली उतरला, मनूच्या काखेतली गाठ स्वतः पाहिली, आणि हळू आवाजात जमादाराला काहीतरी बोलला.

जमादार म्हणाला, "साहेब म्हणतात, पोरीला नीट नेऊ. दूध मिळेल, डॉक्टर आहे. पण तुला दोरीच्या आत जाता येणार नाही. तसा वरून हुकूम आहे. साहेबांनाही तो मोडता येत नाही."

"साहेबांनी मोडायचा नाहीच," रिबकाबाई म्हणाली. "मी मोडणार. त्यांनी फक्त लिहून घ्यायचं. रिबका, सीमोनची बायको, राहणार बोरजाई. पोर गाडीत जाईल, मी गाडीमागून चालत येईन. दोरीशी शिपाई अडवील, तर मी खालून जाईन. नंतर बोलावतील तेव्हा कैदेला हजर होईन. खोटं सांगत नाही. आजवर सांगितलं नाही — मघाच्या कणगीएवढं सोडून!"

तुम्हाला वाटेल, साहेबाचं मन विरघळलं आणि त्यानं हुकूम फाडून टाकला. नाही हो! तसं झालं असतं तर आख्यान सोपं झालं असतं. साहेबानं वही काढली आणि तिचं नाव लिहिलं. गाडी निघाली. रिबकाबाई मागून. माळावर ऊन मी म्हणत होतं. दोरी आली. शिपायानं काठी आडवी धरली. रिबकाबाईनं साहेबाकडे पाहून हात जोडले, पदर खोचला, वाकली — आणि काठीखालून, दोरीखालून आत!

शिपाई धावला. साहेबानं नुसता हात वर केला. "मी पाहिलं," म्हणाला, "आणि मी लिहिलं." आणि तिची पाण्याची कळशी बाहेर राहिली होती, ती स्वतःच्या हातानं दोरीवरून आत दिली. हुकूम दोरीच्या आत माणूस जाऊ नये असा होता. कळशीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं!

मनूची गाठ फुटली, ताप उतरला. बावीस दिवसांनी मायलेकी बाहेर आल्या. आणि रिबकाबाई बोलल्याप्रमाणं पोरीला कोंडाबाईच्या हाती देऊन नगरला कचेरीत हजर झाली. पंधरा दिवसांची साधी कैद! भोगली. परत आली त्या रविवारी सरकारची प्रार्थना आणखी लांबली — लेन साहेब, कचेरीचे कारकून, तुरुंगाची वार्डरीण, वार्डरणीची बाळंतीण सून! आनंदादादांनी चुली विझू दिल्या.

आता वळते तुमच्याकडे. उठायची घाई नको, चपला कुठं जात नाहीत.

त्या राणीचं राज्य गेलं. त्याआधी मिसर गेलं, बाबेल गेलं, रोम गेलं. ज्यानं त्यानं म्हटलं, आमच्यावर सूर्य मावळत नाही — आणि सूर्य रोज आपल्या वेळेला मावळला! देव राज्यांना कामाला लावतो, काम झालं की उतरवतो. पण बोरजाईच्या त्या घराकडे प्रार्थना अजून आहे. नावं बदलतात, प्रार्थना तीच. ज्याला तुम्ही मत दिलं नाही आणि तो निवडून आला, त्याच्यासाठी गेल्या रविवारी कुणी गुडघा टेकला? वर करा हात! ... बरं. खाली असू द्या, नसलेले हात मोजवत नाहीत.

आणि उद्या चौकात पोलिसानं अडवलं, तर "आम्ही रिबकाबाईच्या वाटेचे" असं म्हणून बिनहेल्मेटचं सुटू नका! तिनं हुकूम मोडला तो स्वतःच्या सोयीसाठी नव्हे. जिथं मोडला तिथं नाव सांगून मोडला, आणि शिक्षा पदरात घेतली. ज्याला कैद नको, त्यानं कणगीच बरी म्हणावी, पण तिला देवाचं नाव देऊ नये.

आणखी एक. डोळे मिटून प्रार्थना करा, पण मिटण्याआधी एकदा दाराबाहेर बघा. तुमचे हॉप साहेब कधीच गेले असतील. तुमच्या दारात आज कोण उभा आहे, त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का?

इथं संपवणार होते. पण एक गोष्ट मनात राहिली आहे. ती सांगितल्याशिवाय मला बसवत नाही.

छावणीतला सहावा दिवस. सकाळची वेळ. मनूचा ताप पहिल्यांदाच उतरलेला. रिबकाबाई तिला वाटीतून पेज पाजत होती. एक घोट मनूला, आणि एक घोट शेजारच्या खाटेवरच्या मुलीला. ती मुलगी कुठल्या गावची, कुणाला ठाऊक नव्हतं. सहा-सात वर्षांची, डोक्याचे केस कापलेले. आली तेव्हापासून बोलत नव्हती. फक्त रिबकाबाईच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून झोपायची, आणि झोपेतही सोडायची नाही. रिबकाबाईला उठायचं झालं की ती मूठ एकेक बोट करून उघडावी लागायची.

मनूनं त्या मुठीकडं बघितलं. मग दूरच्या दोरीकडं बघितलं. तांबड्या चिंध्या वाऱ्यानं हलत होत्या, आणि दोरीपलीकडं, उन्हात, काही बाया गप्प बसून होत्या. रोज यायच्या. हुकूम होता तिथवरच यायच्या.

"आई," मनू म्हणाली, "हिची आई त्या तिथं आहे का?"

"असेल, बाळा."

"मग ती आत का नाही आली?"

रिबकाबाईनं वाटी खाली ठेवली.

"ती सरकारचं ऐकते, म्हणून का?" मनूनं विचारलं. "का तिला कुणी सांगितलंच नाही, की खालून येता येतं?"